शुक्रवारपर्यंत गणित, शनिवारी लॅक्रॉस



'व्यावसायिक खेळाडू' हा शब्द आपण वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर रोज वाचतो. वाचताक्षणी डोळ्यांसमोर लिलाव येतो, कोटींचे आकडे येतात, थंड पेयांच्या जाहिराती येतात. या लेखात आम्ही एका अशा व्यावसायिक खेळाडूची ओळख करून देणार आहोत, ज्यांनी चोवीस हंगाम एकाच संघाकडून खेळून आपल्या लीगमधील सर्वाधिक गोलांचा विक्रम केला आणि त्याच काळात माध्यमिक शाळेत मुलांना गणित शिकवले. त्यांचे नाव जॉन तावारेस. खेळाचे नाव लॅक्रॉस.

हा खेळ आपल्याकडे फारसा कोणी पाहिलेला नाही, म्हणून आधी त्याबद्दल थोडे सांगतो. प्रत्येक खेळाडूच्या हातात एक काठी असते आणि काठीच्या टोकाला जाळीचा खोलगट खिसा असतो. घट्ट रबराचा चेंडू या खिशात झेलायचा, पळताना तो पडू नये म्हणून काठी सतत झुलवत ठेवायची आणि खिशातूनच तो सहकाऱ्याकडे किंवा गोलमध्ये फेकायचा. चेंडू क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जरा हलका असतो, पण चांगल्या खेळाडूने भिरकावला की ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगाने जातो. मैदानी प्रकारात दोन्ही बाजूंना दहा-दहा खेळाडू असतात. कॅनडात मात्र दुसराच प्रकार जास्त रुजला. १९३१ च्या सुमारास तिथल्या आइस हॉकीच्या मालकांना प्रश्न पडला, की उन्हाळ्यात आपली बंदिस्त मैदाने रिकामी पडतात, त्यांचे करायचे काय? त्यांनी लॅक्रॉस आत आणले. बर्फ नसलेल्या हॉकीच्या रिंगणात, चहूबाजूंच्या फळ्यांच्या आत, हा खेळ 'बॉक्स लॅक्रॉस' या नावाने चालू झाला. आज तो गोलरक्षक धरून सहा-सहा खेळाडूंचा आहे. तावारेस या प्रकारातले.

बॉक्स लॅक्रॉसमध्ये गोल करणे किती अवघड आहे हे आकड्यांवरून कळते. गोलची चौकट चार फूट उंच आणि पावणेपाच फूट रुंद, आणि तिच्यासमोर छातीपासून पोटऱ्यांपर्यंत जाड गाद्या बांधलेला गोलरक्षक. म्हणजे चौकटीचा बराचसा भाग तो माणूसच व्यापतो. उरतात त्या चार-सहा फटी. त्यातच पाठीवर आणि दंडांवर प्रतिस्पर्ध्याच्या काठीचे दणके बसत असतात, कारण बॉक्स प्रकारात ते नियमाला धरून आहे. शिवाय चेंडू ताब्यात आल्यापासून तीस सेकंदांत फटका मारावाच लागतो. अशा वेळी नुसती ताकद उपयोगी पडत नाही. गोलरक्षकाला डावीकडे हलवून उजवीकडची फट उघडणे, दोन खेळाडूंच्या मधून सहकाऱ्याला चेंडू देण्याचा नेमका कोन हेरणे, याला महत्त्व येते. तावारेस यांचे पाय फार वेगवान असते, तर कदाचित ते इतकी वर्षे टिकले नसते, असे आम्हाला वाटते. पाय लवकर थकतात. डोळे आणि मनगट उशिरा थकतात.

आता 'व्यावसायिक' या शब्दाकडे वळू. लॅक्रॉसच्या इतिहासात या शब्दाने एक वाईट काम केले आहे, आणि ते विद्यार्थ्यांना माहीत असलेले बरे.

हा खेळ मूळचा उत्तर अमेरिकेच्या आदिवासी राष्ट्रांचा आहे. न्यूयॉर्क राज्याचा परिसर आणि दक्षिण कॅनडा येथे राहणारे मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कयूगा, सेनेका आणि टस्करोरा या सहा राष्ट्रांचा संघ म्हणजे होडेनोशोनी. हा खेळ निर्मात्याने दिला आहे, तो त्याच्या आनंदासाठी आणि आजाऱ्याला बरे वाटावे म्हणून खेळायचा, अशी त्यांची श्रद्धा आहे. एकोणिसाव्या शतकात मॉन्ट्रियलचे दंतवैद्य विल्यम जॉर्ज बीअर्स यांनी या खेळाचे नियम लिहून काढले, आणि गोऱ्या वस्तीत त्याचे क्लब निघाले. १८७६ मध्ये मोहॉक खेळाडू इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले आणि व्हिक्टोरिया राणीसमोर खेळले. दौऱ्याला खर्च लागतो. कामधंदा सोडून खेळायला जायचे तर पोटालाही काही लागते. आदिवासी संघ ते पैसे घेत. १८८० मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय लॅक्रॉस संघटनेने आपल्या नावातच 'हौशी' हा शब्द घातला. जो पैसे घेतो तो हौशी नव्हे, आणि जो हौशी नव्हे त्याने अजिंक्यपदाच्या स्पर्धेत उतरायचे नाही, असा नियम झाला. ज्यांनी खेळ दिला, त्यांनाच व्यावसायिक ठरवून दाराबाहेर ठेवण्यात आले. ज्यांच्या घरी पैसा होता, त्यांना हौशी राहणे परवडत होते.

या गोष्टीला शतक उलटल्यावर, १९८७ मध्ये, अमेरिकेत चार संघांची बॉक्स लॅक्रॉसची एक व्यावसायिक लीग सुरू झाली. तीच पुढे नॅशनल लॅक्रॉस लीग म्हणून ओळखली जाऊ लागली. १९९२ च्या हंगामात तिच्यात न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहराचा बँडिट्स हा नवा संघ आला, आणि त्या संघात तेवीस वर्षांचे तावारेस होते. त्यांचा जन्म ४ सप्टेंबर १९६८ चा, कॅनडातील टोरंटोचा. त्यांच्या बरोबरीने बफेलोकडून खेळणारे रिच आणि डॅरिस किलगोर हे भाऊ टस्करोरा राष्ट्राचे होते. शंभर वर्षांपूर्वी ज्यांना व्यावसायिक म्हणून बाहेर काढले, त्यांचे वंशज आता उघडपणे व्यावसायिक म्हणून खेळत होते. बँडिट्सनी पहिल्याच वर्षी अजिंक्यपद मिळवले. १९९३ मध्ये तर एकही सामना न हरता पुन्हा जिंकले. १९९६ मध्ये तिसरे विजेतेपद आले.

तावारेस यांची कारकीर्द २०१५ पर्यंत चालली. ते निवृत्त झाले तेव्हा सेहेचाळीस वर्षांचे होते. चोवीस हंगाम, ३०६ सामने, ८१५ गोल आणि ९३४ गोलसाहाय्य, असा त्यांचा साखळी सामन्यांचा हिशेब आहे. गोलसाहाय्य म्हणजे ज्या फेकीवर सहकाऱ्याने गोल केला ती फेक. लॅक्रॉसमध्ये गोलाचा एक गुण आणि साहाय्याचाही एकच गुण खेळाडूच्या खात्यावर मांडतात. म्हणून एकूण गुण झाले १,७४९. त्या दिवशी लीगमधील सर्वाधिक सामने, गोल, साहाय्य आणि गुण हे चारही विक्रम त्यांच्या नावावर होते. लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून त्यांची तीन वेळा निवड झाली. त्यांचा ११ क्रमांकाचा सदरा बफेलोत आता दुसऱ्या कोणाला दिला जात नाही. आम्हाला या आकड्यांत विशेष वाटते ते हे, की विक्रमी गोल करणाऱ्या माणसाची साहाय्ये गोलांपेक्षाही जास्त आहेत.

पण आणखी एक आकडा काढून पाहा. ३०६ भागिले २४. उत्तर पावणेतेरा येते. म्हणजे वर्षाला सरासरी तेरासुद्धा सामने नाहीत. १९९२ मध्ये तर साखळीत प्रत्येक संघाला आठच सामने होते. २०१४ पासून ते अठरा झाले. सामने बहुतेक शुक्रवारी रात्री, शनिवारी किंवा रविवारी. हंगाम हिवाळ्यापासून वसंतापर्यंत. हे वेळापत्रक असे का, याचे उत्तर खेळाडूंच्या नोकऱ्यांमध्ये आहे. लीगमधील खेळाडू शिक्षक होते, अग्निशामक दलात होते, पोलिसात होते, बांधकामावर होते. हंगामाचे मानधन काही हजार डॉलरांत असे, आणि तेवढ्यावर कॅनडात किंवा अमेरिकेत घर चालत नाही. त्यामुळे आठवडाभर नोकरी करायची, आठवड्याच्या शेवटी विमानाने किंवा गाडीने जायचे, खेळायचे आणि सोमवारी कामावर हजर व्हायचे. तावारेस टोरंटोजवळच्या मिसिसागा शहरातील शाळेत गणित शिकवीत. त्यांच्या संघाचे गाव बफेलो हे ऑन्टारियो सरोवराला वळसा घालून, आंतरराष्ट्रीय सरहद्द ओलांडून, साधारण दीडशे किलोमीटरवर. बडोद्याहून सुरतेला जावे एवढे अंतर. तेही घरच्या मैदानावरच्या सामन्यासाठी.

प्रेक्षक येत नसत म्हणून पैसा नव्हता, असे कोणी म्हणेल, तर बफेलोच्या बाबतीत ते खरे नाही. बँडिट्सचे सामने सुमारे एकोणीस हजार आसनांच्या हॉकी स्टेडियममध्ये होतात आणि मोठ्या सामन्यांना ते भरते. फरक दोन ठिकाणी आहे. आइस हॉकीच्या संघाला एका हंगामात घरच्या मैदानावर चाळीसहून अधिक सामने मिळतात, लॅक्रॉसला आठ-नऊ. आणि मोठ्या खेळांचा खरा पैसा दूरचित्रवाणीच्या हक्कांतून येतो, तो लॅक्रॉसला कधी तेवढा मिळाला नाही. तिकिटांवर संघ जेमतेम तगतो, एवढेच.

कधीकधी तेवढेही जमत नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये खेळाडूंची संघटना आणि मालक यांच्यात मानधनाच्या करारावर एकमत झाले नाही, तेव्हा लीगने २००८ चा संपूर्ण हंगामच रद्द झाल्याचे जाहीर केले. काही दिवसांनी तडजोड होऊन तो वाचला, पण दोन संघ त्या वर्षी उतरलेच नाहीत. त्याच हंगामाच्या अंतिम सामन्यात बफेलोने पोर्टलंडच्या लंबरजॅक्स संघाला १४-१३ असे हरवले. तावारेस यांचे खेळाडू म्हणून हे चौथे विजेतेपद, आणि संघाचे प्रशिक्षक होते तेच जुने सहकारी डॅरिस किलगोर. उपविजेता पोर्टलंडचा संघ पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, बंद पडला. अंतिम सामना एका गोलने हरलेल्या संघातल्या खेळाडूला वर्षभरात दुसरे गाव शोधावे लागले. ज्याच्या हाताशी नोकरी होती त्याचे घर तरी चालू राहिले.

या कुटुंबातच एक तुलना आहे, ती पुस्तकातल्या उदाहरणासारखी नेमकी आहे. जॉन तावारेस यांच्या पुतण्याचे नावही जॉन तावारेस. तो आइस हॉकी खेळतो. लहानपणी तोही काकांचे पाहून लॅक्रॉस खेळत असे. २००९ मध्ये आइस हॉकीच्या लीगमध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याचे नाव सर्वांत पहिले पुकारले गेले. २०१८ मध्ये टोरंटोच्या मेपल लीफ्स संघाने त्याच्याशी सात वर्षांचा करार केला, सात कोटी सत्तर लाख डॉलरांचा. म्हणजे वर्षाला एक कोटी दहा लाख डॉलर. एकच नाव, एकच परिसर, काठीने खेळायचे आणि जाळ्यात गोल करायचे दोन खेळ. दोघेही आपापल्या लीगमधले अव्वल खेळाडू. कॅनडाच्या संसदेने १९९४ मध्ये कायदा करून आइस हॉकीला हिवाळी आणि लॅक्रॉसला उन्हाळी राष्ट्रीय खेळ ठरवले, म्हणजे मानही बरोबरीचा. बाजाराने मात्र दोघांची किंमत वेगळी लावली. कष्ट केले की फळ मिळते हे आम्ही शाळेत सांगतो. फळ किती मिळेल हे मात्र कोणते झाड लावले त्यावरही ठरते, हे सांगायला आम्ही बहुधा विसरतो.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटला. इंदूरच्या होळकर दरबाराने सी. के. नायडूंना आणून फौजेत हुद्दा दिला. पुढे संस्थाने गेली आणि ते काम रेल्वेने, बँकांनी केले. खेळतो म्हणून नोकरी, आणि सामना असला की रजा, अशी ती पद्धत. कॅनडातल्या लॅक्रॉसपटूची नोकरी खेळामुळे मिळालेली नव्हती. शाळेला गणिताचे शिक्षक हवे होते, गोल करणारा नको होता. म्हणून नोकरी आणि खेळ हे दोन वेगळे संसार एकाच माणसाला चालवावे लागले. तावारेस यांचे कौतुक जरूर करावे, पण ते सांगून एखाद्या मुलाला 'बघ, दोन्ही जमते' असे दटावू नये. दोन्ही करण्याचा नियमच त्या खेळात होता, आणि त्या ओझ्याखाली खेळ लवकर सोडणारेही पुष्कळ असणार. त्यांची नावे विक्रमांच्या यादीत येत नाहीत.

ही अवस्था बदलावी म्हणून नंतरच्या पिढीत प्रयत्न झाले. त्यांतला ठळक प्रयत्न पॉल रबिल यांचा. ते मैदानी प्रकारातले अमेरिकन खेळाडू. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाकडून २००५ आणि २००७ ची राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून २००८ मध्ये ते मैदानी लॅक्रॉसच्या लीगमध्ये आले. मानधनात भागत नव्हते, तेव्हा त्यांनी काठ्या-बूट बनवणाऱ्या कंपन्यांशी करार केले, मुलांची शिबिरे घेतली, चित्रफितींमधून स्वतःचे नाव केले. २०१८ मध्ये त्यांनी भाऊ माइक यांच्यासह प्रीमियर लॅक्रॉस लीग ही नवी लीग जाहीर केली आणि २०१९ मध्ये तिचा पहिला हंगाम झाला. जुन्या लीगपेक्षा जास्त मानधन, आरोग्यविमा आणि लीगच्या मालकीत खेळाडूंना हिस्सा, अशी तिची योजना होती. डिसेंबर २०२० मध्ये जुनी मैदानी लीग तिच्यातच विलीन झाली. रबिल २०२१ मध्ये खेळातून निवृत्त झाले. आता बरेच खेळाडू हिवाळ्यात बॉक्स आणि उन्हाळ्यात मैदानी असे दोन्ही प्रकार खेळून दोन मानधने जोडतात. हॉकीशी बरोबरी अजून दूर आहे.

तावारेस मैदानापासून लांब गेले नाहीत. निवृत्तीनंतर ते बफेलोचे प्रशिक्षक झाले, आधी रिच किलगोर यांच्या जोडीने. त्यांच्या हाताखाली संघाने २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन अजिंक्यपदे जिंकली. खेळाडू म्हणून चोवीस हंगामांत चार, प्रशिक्षक म्हणून तीन वर्षांत तीन. फळ्यासमोर काढलेली वर्षे वाया गेली नाहीत, असे आम्हा शिक्षकांना म्हणावेसे वाटते. सिद्ध मात्र करता येणार नाही.

एक बातमी आपल्या जवळची. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन मुंबईत भरले होते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट घेण्याचा निर्णय तिथे झाला, आणि आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत तेवढाच मोठ्या अक्षरांत छापून आला. त्याच ठरावात लॅक्रॉसही होते. १९०४ आणि १९०८ या दोन ऑलिंपिकमध्ये लॅक्रॉसची सुवर्णपदके होती, दोन्ही कॅनडाने जिंकली. त्यानंतर १२० वर्षांनी पदकांसाठी हा खेळ परत येत आहे, सहा-सहा खेळाडूंच्या नव्या, आटोपशीर स्वरूपात. पण जुना प्रश्न तिथेही दारात उभा आहे. होडेनोशोनींनी १९८३ मध्ये स्वतःचा राष्ट्रीय संघ उभा केला आणि जागतिक स्पर्धांत तो स्वतःच्या ध्वजाखाली खेळतो. ऑलिंपिकमध्ये मात्र ज्या देशाला मान्यताप्राप्त राष्ट्रीय ऑलिंपिक समिती आहे, त्यालाच संघ पाठवता येतो, आणि होडेनोशोनींना अशी समिती नाही. १८८० मध्ये 'हौशी' या शब्दाने दार बंद केले होते. या वेळी शब्द वेगळा आहे.

आता गणिताच्या तासासाठी एक उदाहरण देतो, म्हणजे लेख तावारेस सरांच्या विषयात येऊन थांबेल. त्यांनी ३०६ सामन्यांत १,७४९ गुण मिळवले. प्रत्येक सामन्यामागे सरासरी किती, ते दोन दशांश स्थळांपर्यंत काढा. मग असे धरा, की पहिल्या हंगामापासून शेवटच्या हंगामापर्यंत दर वर्षी १८ सामने होते आणि ते सर्व सामने खेळले. त्याच सरासरीने एकूण गुण किती झाले असते? उत्तर आल्यावर वहीत आणखी दोन ओळी लिहा, की हे उत्तर प्रत्यक्षात खरे ठरले असते का. तेविसाव्या वर्षीची आणि सेहेचाळिसाव्या वर्षीची सरासरी एकच धरता येईल का, आणि सामने दुप्पट झाले असते तर सोमवारचा वर्ग कोणी घेतला असता, याचाही त्यात विचार करा.